लिलावात ४०० कोटींना गेलेली जुनी फेरारी खरंच ४०० कोटींची असते का?

१७ ऑगस्ट २०१९ ची रात्र. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे या समुद्रकाठच्या गावात आरएम सदबीज या कंपनीचा जुन्या गाड्यांचा लिलाव सुरू होता. दरवर्षी ऑगस्टमध्ये जगभरातले गाड्यांचे शौकीन इथं जमतात. त्या रात्रीचं मुख्य आकर्षण होतं १९३९ सालची चंदेरी रंगाची 'टाइप ६४'. फर्डिनांड पोर्शे यांनी बर्लिन ते रोम या शर्यतीसाठी बनवलेल्या तीन गाड्यांपैकी शिल्लक राहिलेली एकमेव. अंदाज होता की गाडी दोन कोटी डॉलरच्या आसपास जाईल.

लिलाव पुकारणाऱ्यानं पहिला आकडा उच्चारला आणि मागच्या मोठ्या स्क्रीनवर झळकले तीन कोटी डॉलर. सभागृहात एकच गलका झाला. मग चार कोटी, पाच कोटी, सहा कोटी. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले, मोबाईल काढून शूटिंग करू लागले. आकडा सात कोटींवर पोचला तेव्हा पुकारणाऱ्यानं सगळ्यांना थांबवलं. तो 'सेव्हन्टी' नाही, 'सेव्हन्टीन' म्हणत होता. म्हणजे सात कोटी नाही, एक कोटी सत्तर लाख. पहिला आकडाही 'थर्टी' नव्हता, 'थर्टीन' होता. पुकारणारा होता डच, त्याचे उच्चार स्क्रीनवर आकडे टाकणाऱ्याला नीट कळलेच नव्हते.

स्क्रीनवरचा आकडा ७ कोटींवरून १ कोटी ७० लाख झाला. हशा, मग शिट्ट्या, मग आरडाओरडा. बरेच जण उठून बाहेर पडले. गाडी त्या रात्री विकलीच गेली नाही.

गंमत बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतोच. दोन मिनिटं का होईना, त्या सभागृहातल्या जाणकार लोकांना ही गाडी सात कोटी डॉलरला जाऊ शकते हे खरं वाटलं. तेव्हा डॉलर ७१ रुपयांच्या घरात होता, म्हणजे जवळपास ५०० कोटी रुपये. ज्या गाडीची किंमत दोन कोटी की सात कोटी हे आयुष्यभर याच धंद्यात असलेल्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, तिची 'किंमत' म्हणजे नक्की काय?

हातोडा पडतो तो आकडा वेगळा, बातमीतला वेगळा

आधी लिलाव कसा चालतो ते बघू. विकणारा माणूस आपली गाडी लिलाव कंपनीकडे देतो. कंपनीचे तज्ज्ञ ती तपासतात आणि एक अंदाजे किंमत जाहीर करतात, तिला एस्टिमेट म्हणतात. याशिवाय विकणारा आणि कंपनी यांच्यात एक गुपित आकडा ठरतो, तो म्हणजे रिझर्व्ह. बोली त्या आकड्याच्या खाली थांबली तर गाडी विकायची नाही. टाइप ६४ च्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

बोली लागते, शेवटचा हात वर होतो, हातोडा पडतो. ही झाली हॅमर प्राइस. पण खरेदी करणाऱ्याला यावर लिलाव कंपनीचं कमिशन द्यावं लागतं. बातम्यांमध्ये जो आकडा छापून येतो तो बहुतेक वेळा कमिशन धरूनचा असतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ विकली गेली. हातोडा ४ कोटी ७० लाख डॉलरवर पडला. कमिशन होतं पहिल्या अडीच लाख डॉलरवर १२ टक्के आणि उरलेल्या रकमेवर १० टक्के, म्हणजे ४७ लाख ५ हजार डॉलर. एकूण झाले ५ कोटी १७ लाख ५ हजार डॉलर, तेव्हाच्या दरानं सुमारे ४३० कोटी रुपये. लिलावात विकली गेलेली सगळ्यात महाग फेरारी म्हणून जगभर बातम्या झाल्या.

ते खरंही होतं. पण लिलावाआधी याच गाडीला सहा कोटींहून जास्त येतील असं सांगितलं जात होतं. म्हणजे एकाच रात्री एकाच गाडीनं विक्रमही केला आणि अपेक्षाभंगही. मथळ्यात अर्थातच विक्रम आला.

शाळेच्या वर्कशॉपमधली जीटीओ

ही २५० जीटीओ म्हणजे जुन्या गाड्यांच्या बाजारातला सोन्याचा भाव. बाकीच्या गाड्यांचा बाजार कुठं चाललाय हे तिच्यावरून जोखतात. फेरारीनं १९६२ ते १९६४ या काळात अशा फक्त ३६ गाड्या बनवल्या. तीन लिटरचं व्ही-१२ इंजिन, हातानं ठोकून बनवलेली अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. शर्यतीत धावायची आणि शर्यत संपली की नंबर प्लेटसकट रस्त्यावरून घरीही न्यायची. नवी होती तेव्हा अमेरिकेत तिची किंमत होती १८ हजार डॉलरच्या आसपास. ती तेव्हाही स्वस्त नव्हती, पण पैसे आहेत म्हणून कुणालाही मिळत नसे. गिऱ्हाईक कोण असावं हे एन्झो फेरारी ठरवायचे.

मजेचा भाग पुढं आहे. शर्यतीची गाडी दोन-तीन वर्षांत जुनी होते, नवी वेगवान गाडी आली की तिला कुणी विचारत नाही. जीटीओचंही तेच झालं. अमेरिकेतल्या एका मालकानं आपली जीटीओ टेक्सासमधल्या एका हायस्कूलला देऊन टाकली, पोरांना मोटार दुरुस्ती शिकायला. १९७२ मध्ये शाळेनं ती साडेसहा हजार डॉलरला विकली. घेणाऱ्यानं ती ट्रेलरवर चढवली आणि ओहायोत मोकळ्या शेतात उभी केली. पुढची पंधराएक वर्षं ती तिथंच, ऊनपावसात.

पिंक फ्लॉइडचे ड्रमर निक मेसन यांनी १९७० च्या दशकात जीटीओ घेतली ती ३५-३७ हजार पौंडांच्या घरात. त्यांचीही जीटीओ आज काही कोटी डॉलरच्या रांगेत बसते.

गाडी तीच, लोखंड तेच. मग बदललं काय? एक तर तेव्हा या गाड्या बघून वेडी झालेली पोरं मोठी होऊन श्रीमंत झाली. दुसरं, जीटीओंची संख्या वाढू शकत नाही हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. आणि तिसरं, ज्याच्याकडे जीटीओ आहे त्याला मोठमोठ्या जुन्या शर्यतींची आणि जीटीओवाल्यांच्या मेळाव्यांची आमंत्रणं आपोआप येतात. पैसे देऊन मिळत नाही असं सदस्यत्व गाडीबरोबर येतं.

१५ कोटींचा भंगार

सेकंड हँड गाडी घेताना आपल्याकडेही आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघतात. कोट्यवधींच्या या बाजारात सगळा खेळ याच दोन नंबरांचा आहे. कारखान्यातून जे इंजिन, जो गिअरबॉक्स घेऊन गाडी बाहेर पडली, तोच आजही आहे का? मधल्या साठ वर्षांत मालक कोण कोण होते? कोणत्या शर्यतीत कोण चालवत होतं, अपघात कधी झाला, दुरुस्ती कुणी केली? याची कागदपत्रं, बिलं, जुने फोटो असतील तर भाव वर. एखादं दशक कोरं असेल तर संशय, आणि संशय आला की भाव खाली. फेरारी कंपनीचा तर खास जुन्या गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारा वेगळा विभाग आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये माँटेरेच्याच लिलावात एक वस्तू आली. १९५४ सालची फेरारी ५०० मोंडियाल. वस्तू म्हणायचं कारण म्हणजे तिला गाडी म्हणणं अवघड होतं. १९६० च्या दशकात ती अपघातात जळाली होती. उरला होता चेपलेल्या, गंजलेल्या पत्र्यांचा ढीग. आपल्याकडच्या भंगारवाल्यानं वजनावर घेतला असता. तो ढीग गेला १८ लाख ७५ हजार डॉलरला, सुमारे साडेपंधरा कोटी रुपयांना.

घेणारा वेडा नव्हता. त्यानं पत्रा घेतलाच नव्हता, त्यानं चॅसिस नंबर घेतला होता. पिनिनफारिनानं या मालिकेतल्या जेमतेम १३ स्पायडर गाड्यांची बॉडी घडवली, त्यातली ही एक. उद्या तज्ज्ञ कारागिरांकडून बॉडी नव्यानं घडवून घेतली तरी जगाच्या दृष्टीनं ती १९५४ चीच फेरारी राहणार, कारण तिची ओळख त्या ढिगात शाबूत आहे. हीच बॉडी नंबराशिवाय बनवली तर ती नक्कल. इटलीतल्या मिले मिलिया या प्रसिद्ध ऐतिहासिक रॅलीत फक्त १९२७ ते १९५७ मधल्या मूळ शर्यतीत धावलेली मॉडेल्सच घेतात, आणि तिथं नक्कल चालत नाही.

यावरून कोर्टकज्जेही होतात. सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरच्या एका जीटीओचा सौदा झाला, पण तिचा मूळ गिअरबॉक्स तिसऱ्याच माणसाकडे अमेरिकेत होता आणि तो सोडायचे तो २५ हजार डॉलर मागत होता. ते पैसे कुणी भरायचे यावरून विकणारा आणि घेणारा लंडनच्या हायकोर्टात गेले. २०२० मध्ये निकाल लागला की गिअरबॉक्स मिळवून द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची. गाडीच्या किमतीपुढं २५ हजार डॉलर म्हणजे चहापाणी. पण मूळ गिअरबॉक्स नसलेली जीटीओ आणि असलेली जीटीओ यांच्या भावातला फरक त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून एवढं भांडण.

धूळसुद्धा विकली जाते

नव्यासारखी चकाचक गाडी जास्त महाग असेल असं वाटणं साहजिक आहे. गेल्या काही वर्षांत उलटं होताना दिसतं. फ्रान्समध्ये रोजे बायोन नावाच्या वाहतूक व्यावसायिकानं १९५० च्या दशकापासून जुन्या गाड्या गोळा केल्या होत्या, संग्रहालय करायचं म्हणून. धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या शेडांमध्ये पडून राहिल्या. २०१४ मध्ये लिलाव कंपनीचे लोक पोचले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये वेली चढलेल्या गाड्या होत्या. एका गॅरेजमध्ये जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली एक फेरारी सापडली. २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, एकेकाळी फ्रेंच नट अलेन डेलॉन यांच्याकडे असलेली.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला तिचा लिलाव झाला तो धुळीसकट. तिला कुणी फडकंही लावलं नव्हतं. १ कोटी ६३ लाख युरो आले. धूळ म्हणजे पुरावा होता: या गाडीला मधल्या काळात कुणी हात लावलेला नाही, रंग मूळचा, कातडं मूळचं. गाडी पुन्हा नवी कितीही वेळा करता येते, मूळ मात्र एकदाच असते.

मालकाच्या नावाचाही भाव असतो. इंदूरच्या यशवंतराव होळकरांसाठी लंडनमध्ये नारिंगी-काळ्या रंगात बॉडी चढवलेली ड्यूझेनबर्ग आजही अभ्यासक 'होळकरांची गाडी' म्हणूनच ओळखतात.

११०० कोटींची मर्सिडीज

आजवर लिलावात सगळ्यात जास्त पैसे मिळाले ते मर्सिडीजच्या ३०० एसएलआर उलेनहाउट कूपेला. ५ मे २०२२ रोजी, १३ कोटी ५० लाख युरो. तेव्हाच्या हिशेबानं सुमारे ११०० कोटी रुपये.

१९५५ मध्ये अशा दोनच गाड्या बनल्या. त्या वर्षी ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजची गाडी प्रेक्षकांत घुसून ८० हून जास्त माणसं मेली. मोसम संपताच कंपनी शर्यतींतून बाहेर पडली आणि ही कूपे कधी शर्यतीत उतरलीच नाही. इंजिनिअर रुडॉल्फ उलेनहाउट ती ऑफिसची गाडी म्हणून वापरायचे. त्यानंतर दोन्ही गाड्या कंपनीकडेच राहिल्या. २०२२ मध्ये कंपनीनं त्यातली एक स्वतःच्याच म्युझियममध्ये, फक्त निवडक लोकांना बोलावून विकली. पैसे तरुणांच्या शिष्यवृत्तीच्या निधीला दिले.

या विक्रीनंतर 'जुन्या गाड्यांचे भाव तिप्पट' अशी चर्चा झाली. पण या आकड्यावरून बाजाराबद्दल फारसं काही कळत नाही. ही गाडी आधी कधी विकायला आली नव्हती, दुसरी कंपनी विकणार नाही असं सांगते. लिओनार्डोचं एक चित्र विकलं गेलं म्हणून गावातल्या चित्रकाराच्या चित्रांचे भाव वाढत नाहीत.

मग बाजारभाव म्हणायचा कशाला?

लिलावातली किंमत म्हणजे एका रात्री, एका खोलीत, दोन माणसांना तीच गाडी किती हवी होती याची नोंद. दोघं हट्टाला पेटले तर विक्रम, त्यातल्या एकाचं विमान चुकलं तर फियास्को. बाजारभाव ही वेगळी गोष्ट. तशाच आणखी काही गाड्या गेल्या दोन-चार वर्षांत कितीला गेल्या, कितींना गिऱ्हाईक मिळालं नाही, लिलावाबाहेर गुपचूप झालेल्या सौद्यांत काय ठरलं, हे सगळं बघून तो काढावा लागतो. २०१८ मध्ये एक जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली आणि त्याच वर्षी दुसरी खासगी सौद्यात सुमारे ७ कोटींना गेल्याच्या बातम्या आल्या. दोन्ही जीटीओच. फरक शर्यतींच्या इतिहासाचा, अपघातांचा आणि मूळपणाचा.

न विकल्या गेलेल्या गाड्या तर हिशेबातच येत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये विनोदी अभिनेता जेरी साइनफेल्ड यांची पोर्शे ९१७ के फ्लोरिडातल्या लिलावात आली. बोली अडीच कोटी डॉलरपर्यंत गेली. त्यांनी दिली नाही. आता तिची किंमत अडीच कोटी म्हणायची का? कुणीतरी तेवढे द्यायला तयार होता, हे खरं. मालकाला ते कमी वाटले, हेही खरं.

भाव नेहमी वरच जातो असं वाटत असेल तर १९८० च्या दशकाचा शेवट आठवावा लागतो. ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेले आणि 'आता अशा गाड्या होणार नाहीत' म्हणत खरेदीची लाट आली. जपानमध्ये शेअर आणि जमिनींचे भाव आभाळाला भिडले होते, तिथला पैसा फेरारींमध्ये ओतला गेला. १९८९ मध्ये जीटीओ सव्वा कोटी डॉलरच्या वर गेली. मग जपानचा फुगा फुटला, व्याजदर चढे होते, कर्ज काढून गाड्या घेतलेले विकायला धावले आणि घेणारं कुणी नव्हतं. १९९४ च्या सुमारास जीटीओ तीसेक लाख डॉलरला मिळत होती. पाच वर्षांत किंमत चौथ्या हिश्शाच्या आसपास.

जगात ३६ च असल्या म्हणून त्या गाडीला पडझडीपासून संरक्षण मिळालं नाही. ज्यांनी थांबायची ऐपत ठेवली ते सुटले, हप्ते भरणारे बुडाले. शेअरवर निदान लाभांश मिळतो, फ्लॅटचं भाडं येतं. गाडी उलट खाते: विमा, हवा-दमटपणा सांभाळणारं गॅरेज, तज्ज्ञ मेकॅनिक. शिवाय घेताना दहा टक्के कमिशन गेलेलं असतं, त्यामुळे भाव तेवढा वाढेपर्यंत मालक तोट्यातच असतो.

मिस्टर बीनची ठोकलेली गाडी

आवडही पिढीगणिक बदलते. चाळीस-पन्नाशीतल्या आजच्या श्रीमंतांच्या खोलीत लहानपणी जीटीओचं नाही, मॅकलॅरेन एफ-१ चं पोस्टर होतं. १९९० च्या दशकातल्या या गाड्या सगळ्या मिळून १०६ बनल्या. 'मिस्टर बीन' म्हणजे रोवन अ‍ॅटकिन्सन यांनी १९९७ मध्ये एक घेतली ५ लाख ४० हजार पौंडांना. त्यांनी ती दोनदा ठोकली. २०११ मधल्या दुसऱ्या अपघातानंतर दुरुस्तीचं बिल झालं ९ लाख १० हजार पौंड, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीहून जास्त. विमा कंपनीनं ते भरलं, कारण तोपर्यंत गाडीचा भाव बिलाच्या कितीतरी पुढं गेला होता. २०१५ मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी ती ८० लाख पौंडांना विकली. २०२१ मध्ये जेमतेम ३९० किलोमीटर चाललेली दुसरी एफ-१ अमेरिकेत २ कोटी ४ लाख डॉलरला गेली.

याउलट दुसऱ्या महायुद्धाआधीच्या अनेक सुंदर गाड्यांना आता पूर्वीइतके हात वर होत नाहीत. त्या चालवून, ऐकून मोठी झालेली पिढीच कमी होत चालली आहे.

भारतात काय?

भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम आणले. अशा गाडीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, फेरनोंदणीची ५ हजार. पण ती रोज ऑफिसला नेता येत नाही आणि भाड्यानंही चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर परवानगी आहे.

बाहेरून आणायची तर पूर्वी १९५० च्या आधीची गाडीच चालत असे. २०२५ मध्ये ही अट बदलून ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना दार उघडलं. म्हणजे कागदावर तरी १९६२ ची जीटीओ आता मुंबईत उतरू शकते. त्यावर लागणारं आयात शुल्क आणि इतर कर मिळून मात्र गाडीच्या किमतीहून जास्त रक्कम होते. ४३० कोटींच्या गाडीवर ते किती होतील, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा.